खारीचा पूल

बाळांनो, जंगलाच्या कडेला एका बंद बंगल्याच्या बागेत एक खार राहत असे. बंगल्यातली मुले शहरात गेली, ती आपली खेळण्यातली आगगाडी रुळांसकट तिथेच टाकून. ससा गाडी ढकलायचा आणि बागेतली पिल्ले ऐटीत बसायची. खारीचे पिल्लू एका पायाने अधू होते. ओहोळापलीकडच्या जांभळीखाली सगळी पिल्ले खेळत, आणि तिथवर जायला त्याला गाडीवाचून दुसरा उपाय नव्हता. म्हणून ओहोळावरचा जुना पूल मोडला, तेव्हा खारीच्या काळजात धस्स झाले.

"नवा पूल मी बांधते," ती म्हणाली. आता खारीला लाकूड पारखायची एकच रीत ठाऊक, दात लावून पाहायचे. जे पटापट कुरतडले जाईल ते उत्तम. तिने सावरीची मऊ फांदी निवडली आणि संध्याकाळच्या आत पूल उभा केला. सगळ्यांनी वाहवा केली, तशी बाईसाहेबांची शेपटी जरा जास्तच फुलली. पण पावसाळाभर पुलाचे पाय ओल्या मातीत राहिले, वाळवीने ते आतून पोखरले, आणि एके दिवशी गाडीसकट पिल्लू पाण्यात पडले. सशाने त्याला चटकन बाहेर ओढले. आई अंग पुसत असताना पिल्लू म्हणाले, "आई, मी आता इथूनच बघत जाईन त्यांचा खेळ." खारीला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ती थेट वारुळापाशी गेली. "वाळवीबाई, कोणतं लाकूड तुम्हाला मुळीच आवडत नाही?"

वाळवीला हसू आले. "आमची आवड कोणी विचारत नाही, आणि तू नावड विचारायला आलीस. सागाचा आतला तपकिरी गाभा घे. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र काढून टाक, ते आम्ही सोडत नाही."

वाळलेला साग कुरतडताना खारीचे जबडे ठणकू लागले. पिल्लू शेजारी बसून बघत होते. "आई, सावर किती सोपी होती ना?"

"मला सोपी होती, बाळा," खार म्हणाली. "तुला नव्हती."

पूल झाला, पण पिल्लू काही त्यावर जाईना. खारीनेही आग्रह केला नाही. पुढचा पावसाळा आला आणि गेला, पुलाचा एक पायही हलला नाही. मग एका सकाळी पिल्लू आपणहून गाडीत बसले आणि एकदाही आईकडे वळून न बघता पलीकडे गेले. खार अलीकडेच बसून राहिली. तिला फार बरे वाटले.

तात्पर्य : ज्या कामाच्या भरवशावर दुसरा कोणी पाऊल टाकणार आहे, त्या कामात आपली सोय पाहू नये.