मान हलवली की झालं

विचारल्याशिवाय कुणी कुणाचं खायचं नाही, असा कायदा पारव्यांच्या पंचांनी केला, त्या काळची गोष्ट. बोकोबांनी तो हसत मानला आणि पटांगणात फुकट ज्वारी मांडली. “अटी ऐका, पटल्या तरच मान हलवा,” म्हणत ते काहीबाही पुटपुटू लागले. घरट्यात अंडी ठेवून भागू पारवीणही दाणे टिपायला धावली.

परतली, तर घरट्यात बोकोबा आणि त्यांच्या मिशांना बलक.

“मेल्या, माझी अंडी!”

“बाई, तुम्हीच तर मान हलवलीत.”

“अरे, मान हलवल्याशिवाय पारव्याला चालतासुद्धा येत नाही!”

“ठाऊक आहे की! उगाच का मान निवडली?”

भागू रडत पंचांकडे गेली. पंच ज्वारी टिपत होते. तिचं सगळं म्हणणं त्यांनी मान हलवत ऐकलं.