टाचणी पडली तरी ऐकू येणारा वर्ग

तर्कशास्त्रावर माझ्याइतक्या बेधडकपणे बोलणारा माणूस या पंचक्रोशीत सापडायचा नाही. ज्यांना ते शास्त्र येतं ते चुकायला घाबरतात. मला येतच नाही, मग मी कशाला घाबरू? शाळेत मी सातवीपर्यंत पोचलो, आणि सातवीचा माझ्यावर असा काही जीव जडला की तिनं मला बरेच दिवस सोडलंच नाही. तेव्हा खाली शास्त्राची काही चूक आढळली तर ती माझी समजावी. शहाणपण आढळलं तर ते वाट चुकून आलं असावं, असं मानून पुढं जावं.

तर एकदा एक प्राध्यापक होते. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव, त्या गावात एक कॉलेज, आणि त्या कॉलेजात ते तर्कशास्त्र शिकवत. सर्व मनुष्य मर्त्य आहेत, अमुक एक जण मनुष्य आहे, म्हणून तोही मरणार, एवढं सिद्ध करून दाखवल्याबद्दल त्यांना दरमहा पगार मिळे. आमच्याकडं हेच काम पावसाळ्यात विहिरीची शेवाळलेली पायरी फुकटात करते.

पण या गृहस्थांची कीर्ती विषयामुळं नव्हती, त्यांच्या वर्गातल्या शांततेमुळं होती. ते दाराशी येत आणि उंबरठ्यावरच उभे राहत. वर्ग पूर्ण निःशब्द होईपर्यंत आत पाऊल टाकत नसत. पहिल्या दिवशी नियम सांगत, "मी बोलत असताना मध्ये कुणीही बोलायचं नाही." मग टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. शेजारच्या खोलीत इतिहासाचे सर होते. त्यांच्या तासाला लढाया पुस्तकात कमी आणि बाकांवर जास्त होत. ते बिचारे भिंतीला कान लावून ही शांतता ऐकत आणि सुस्कारे टाकत.

प्रत्येक मुद्दा संपला की प्राध्यापक विचारत, "कळलं?"

शांतता.

"छान," म्हणत आणि पुढच्या मुद्द्याकडं वळत.

यामागं त्यांचं अनुमान होतं. ज्याला कळत नाही तो विचारतो. कुणी विचारलं नाही. अर्थात, सर्वांना कळलं. हे अनुमान त्यांना नोकरीभर पुरलं. चांगल्या विणीची घोंगडीसुद्धा इतकी टिकत नाही.

पुढं काळ फिरला. तर्कशास्त्राला मुलं मिळेनात. मुलं म्हणू लागली, आम्ही मरणार हे ठाऊक आहे, नोकरी कधी लागणार तेवढं सिद्ध करा. तेव्हा प्राचार्यांनी प्राध्यापकांना बोलावलं.

"सर, तुमचा विषय आता ऑनलाइन चालवू. वरच्या पाड्यांवरच्या मुलांना रोज खाली उतरणं जमत नाही. ती घरी बसून शिकतील. मुलं टिकली तर विषय टिकेल."

"आणि नाही टिकली तर?"

"तर जूनपासून विषय बंद. माझ्या हातात दुसरं काही नाही, सर."

हा विषय त्या कॉलेजात प्राध्यापकांनीच सुरू केला होता. आसपासच्या कुठल्याही तालुक्यात तो शिकवणारा दुसरा माणूस नव्हता. घरात लेकरू नव्हतं, छंद नव्हता. होता तो हा विषय.

मग साऱ्या प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवण्याचं प्रशिक्षण देण्यासाठी शहरातून एक हसतमुख गृहस्थ आले. त्यांनी दिवसभर बटणं दाखवली आणि जाताना मंत्र दिला, "कॅमेऱ्याच्या छिद्रात बघायचं, आणि हसायचं." रसायनशास्त्राच्या सरांनी लग्नाच्या फोटोवाल्याकडं असतो तसला दिवा विकत आणला, त्या उजेडात ते आजारी नवरदेवासारखे दिसत. इंग्रजीच्या सरांनी पाठीमागं पुस्तकांनी भरलेल्या कपाटाचं चित्र लावलं, पण मान हलवली की त्यांचा एक कान कपाटात जाई आणि तास संपेपर्यंत परत येत नसे. आमच्या प्राध्यापकांनी मात्र फक्त छिद्र लक्षात ठेवलं. पडद्यावरच्या काळ्या काळ्या चौकटींकडं आणि खालच्या नावांकडं त्यांनी कधी पाहिलंच नाही.

आणि त्यांना फार बरं वाटलं. ही केवढी शांतता! उंबरठ्यावर थांबायलाही नको. कुणाचा श्वाससुद्धा नाही. "कळलं?" शांतता. "छान." ते बायकोला म्हणाले, "मी उगाच घाबरलो होतो. एवढी शिस्त मला प्रत्यक्ष वर्गातही लाभली नव्हती." बायको म्हणाली, "ही शांतता मला कधी लाभायची?"

सहामाही परीक्षा झाली. पेपर जवळजवळ सगळे कोरे आले. काही आलेच नाहीत.

प्राचार्यांनी रागावण्याचेही कष्ट घेतले नाहीत. "सर, एकदा नानांकडं जाऊन या," एवढंच म्हणाले.

नाना म्हणजे अध्यापक विद्यालयातून निवृत्त झालेले वृद्ध आचार्य. जिल्ह्यातले निम्मे मास्तर त्यांच्या हाताखालून गेलेले. आमचे प्राध्यापकही कॉलेजात लागण्यापूर्वी त्यांच्याकडंच शिकवायला शिकले होते. टाळेबंदीच्या काळात नानांनी पडद्यासमोर बसून कितीतरी गुरुजनांना या नव्या रीतीनं शिकवायला तयार केलं होतं. बटणं कुणीही शिकवतो, शिकवणं नाना शिकवतात, असं लोक म्हणत.

नाना झोपाळ्यावर बसून चुना लावून तंबाखू मळत होते. त्यांनी शिष्याचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं.

"तास कधी असतो तुझा?"

"दुपारी."

"मग इथंच घे. मी नुसता बसून ऐकतो."

पहिल्या दिवशी तास झाला. प्राध्यापकांनी घाम पुसत विचारलं, "कसा वाटला, नाना?"

"शांत," नाना म्हणाले.

प्राध्यापकांना ही स्तुती वाटली.

दुसऱ्या दिवशी विषय होता अनुमान. डोंगरावर धूर दिसतो. जिथं धूर तिथं अग्नी. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. न दिसणाऱ्या गोष्टीपर्यंत दिसणाऱ्या गोष्टीवरून कसं पोचावं, हे शिकवण्यात प्राध्यापकांची हातोटी होती. सुरुवातीलाच ते नानांच्या भिंतीवरच्या फळ्यावर वर्तुळं काढायला पाठमोरे वळले. त्या वेळी नाना झोपाळ्यावरून उठले, लॅपटॉपपाशी आले, एका कळीवर अलगद बोट ठेवलं, आणि परत येऊन डोळे मिटून बसले, जणू नैवेद्य दाखवून आले.

प्राध्यापक वळले. छिद्राकडं पाहून हसले. त्यांनी धूर दाखवला, अग्नी दाखवला, धुरासारखं दिसणारं धुकं दाखवून फसगत कशी होते तेही दाखवलं. आवाज चढवला, उतरवला. मध्ये मध्ये विचारलं, "कळलं?" आणि शांतता ऐकून म्हणाले, "छान." तास संपला.

"नाना, आज काय रंग भरला होता! नाही?"

"तुला भरल्यासारखा वाटला ना? मग झालं."

"म्हणजे?"

नानांनी पडद्याच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं माइकच्या इवल्याशा चित्रावर तांबडी रेघ ओढलेली होती.

"हे काय?"

"तुझं तोंड. तू वर्तुळं काढत होतास, तेव्हा मी बंद केलं."

प्राध्यापक ताडकन उठले. "नाना! वयाला शोभेल असं तरी करायचं! माझा विषय बुडायला टेकलाय आणि तुम्हाला पोरखेळ सुचतोय?"

"तू तासभर नुसते ओठ हलवलेस, भालचंद्रा. आरती पाठ नसलेली माणसं देवळात हलवतात तसे. बरं, ते जाऊ दे. तासभरात एकानं तरी सांगितलं का, सर, आवाज येत नाही म्हणून?"

प्राध्यापकांच्यातला तर्कशास्त्री मदतीला धावला. "म्हणजे कुणी हजरच नव्हतं! नावं नुसती दिसत होती."

"हे अनुमान झालं. विचारून बघ."

त्यांनी आवाज चालू केला, आणि इतक्या महिन्यांत प्रथमच छिद्र सोडून चौकटींकडं पाहिलं. "कोण आहे? मी सर बोलतोय. कुणी आहे का तिकडं?"

चौकटी काळ्याच राहिल्या. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा एका चौकटीतून वाऱ्याचा घूं घूं आवाज आला, आणि त्यामागून बारीक आवाज.

"सर, मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

"जमुना."

"कोण जमुना?"

"वळवी, सर. जमुना वळवी. पहिल्या दिवसापासून आहे मी."

"आज माझा आवाज येत होता तुला?"

"नाही, सर."

"मग सांगायचं नाही? सगळा तास फुकट गेला!"

"मला वाटलं माझाच फोन बिघडला. बंद करून चालू केला. तरी येईना. मग वाटलं रेंज नसंल, म्हणून वर टेकडीवर महूच्या झाडापाशी आले. इथंबी आला नाही. मग तुमच्या ओठांकडं बघत बसले, सर. काही समजतंय का म्हणून."

"अगं, पण एकदा विचारायचं तरी!"

"मध्ये बोलायचं नाही ना, सर."

प्राध्यापक खुर्चीत बसले.

"बाकीची मुलं कुठं आहेत?"

"गुजरातला गेलीत, सर. बांधकामावर. तास सुरू झाला की तिथून फोन जोडतात नि बाजूला ठेवून देतात. नाव दिसलं की हजेरी लागते ना."

"आणि तू?"

"मीबी उद्यापासून नाही, सर. दादासंगं चालले. दादा म्हणाला, रोज फोन घेऊन बसतेस, काय शिकलीस त्यातलं एक तरी सांग. मला सांगता आलं नाही." वारा मोठा झाला, आवाज त्यात बुडाला आणि परत वर आला. "आज शेवटचा तास म्हणून बसले होते. तुम्ही चांगलं शिकवता, सर. मलाच कळत नाही."

"जमुना, थांब. ऐक माझं. आता आवाज येतोय ना? काय कळलं नाही ते सांग. मी पहिल्यापासून—"

चौकट नाहीशी झाली. बॅटरी संपली, की तिनंच फोन बंद केला, हे प्राध्यापकांना समजायला मार्ग नव्हता. उरलेल्या चौकटींमध्ये नावं होती आणि माणूस एकही नव्हता. जूनपासून बंद व्हायचा तो विषय त्या दुपारीच बंद झाला.

नानांनी चुन्याची डबी मिटली.

"भालचंद्रा, तुझा आवाज आज गेला असं समजू नकोस. मी कळ आज दाबली, एवढंच. त्या मुलीला काल आवाज येत होता तरी कळत नव्हतं, आज आवाज नव्हता तरी कळलं नाही. तिच्या लेखी दोन्ही दिवस सारखेच. आणि दोन्ही दिवस तिनं दोष स्वतःलाच लावला. शिष्याचं असंच असतं. समजलं नाही की त्याला वाटतं, सगळ्यांना समजलंय, बिघाड माझ्यातच आहे. म्हणून तो गप्प राहतो. आणि त्या गप्प राहण्याला गुरू ज्ञान समजतो. समोर बाकं असताना निदान एखादी जांभई दिसते, एखादं कपाळ आक्रसलेलं दिसतं. इथं तेही नाही. या यंत्रानं नवं काहीच बिघडवलेलं नाही रे. आधीपासून जे होतं, ते उघड्यावर आणलं. म्हणून यापुढं ज्याला या पडद्यावरून शिकवायचं असेल त्यानं 'कळलं का' हा प्रश्न टाकून द्यावा. 'काय कळलं नाही' असं विचारावं, आणि एक तरी उत्तर येईपर्यंत पुढं पाऊल टाकू नये."

प्राध्यापकांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं, आणि आता ते कळून उपयोग करायला त्यांच्याकडं एकही विद्यार्थी उरला नव्हता. त्यांनी लॅपटॉप मिटला, फळ्यावरचा धूर पुसला, अग्नी पुसला, चपला घातल्या. दारापर्यंत गेले आणि वळले.

"नाना, वर्ग निःशब्द झाल्याखेरीज आत पाऊल टाकू नये, हे मी तुमच्याच वर्गात शिकलो. तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या मनात एक शंका आली होती. मी इकडंतिकडं पाहिलं, तर सगळे गप्प बसले होते. मला वाटलं, बिघाड माझ्यातच असेल."