अडतीस तास

एकदा एका द्राक्ष बागायतदाराने नवा छोटा ट्रॅक्टर घेतला आणि तो वापरायचा नाही असे ठरवले.

कायमचा नव्हे, पहिले पन्नास तास. सोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिले होते की सुरुवातीचे पन्नास तास यंत्राला जपावे आणि मग तेल बदलून घ्यावे. बागायतदार वाचणारा माणूस होता. आणि अर्धे वाचून उरलेले मनाने पूर्ण करण्याची खोड वाचणाऱ्यांनाच असते. त्याने ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये उभा केला आणि रोज सकाळी दोन तास, संध्याकाळी एक तास त्याचे इंजिन जागच्या जागी मंद चालू ठेवू लागला. डिझेल जळत होते, मीटरवर तास पडत होते, चाकांना मात्र मातीचा कण लागत नव्हता. ज्यांनी कचेरीत हजेरीपट पाहिला आहे, त्यांना ही कार्यपद्धती अपरिचित वाटू नये.

तेराव्या दिवशी सकाळी मीटरवर अडतीस तास भरले आणि धुराड्याच्या तोंडाशी काळे, ओलसर तेल दिसू लागले. छाटणी झालेली होती. पुढच्या आठवड्यात फवारणी सुरू व्हायची, आणि त्या दिवसांत ट्रॅक्टर बसला तर बागही बसते. बागायतदाराने मिस्त्रीला निरोप धाडला.

मिस्त्री सत्तरीचा. नव्या यंत्रावर आधी तळहात ठेवायचा आणि मगच पाना उचलायचा, अशी त्याची ख्याती होती. त्याच्याबरोबर त्याचा शिष्य आला, पुंजाराम. शिष्य म्हटले म्हणून कोवळे पोर समजू नये. तो बत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप होता आणि तीन वर्षे मिस्त्रीच्या हाताखाली होता. एवढ्या काळात त्याने सुटे भाग डिझेलमध्ये धुतले होते आणि मागण्याआधी नेमक्या मापाचा पाना पुढे केला होता. एकही इंजिन मात्र त्याने स्वतःच्या हाताने उघडले नव्हते. तो पुढे सरसावला की मिस्त्री मायेने म्हणायचा, "तू आत्ता नुसतं बघ. नजर तयार झाली की हात आपोआप चालतो." मिस्त्रीची माया खरी होती, त्यामुळे तक्रारही करता येत नव्हती. पुंजारामचा मेव्हणा म्हणायचा की तीन वर्षांत माणूस पदवीधर होतो. पदवीधरालाही काही येत नसतं, पण त्याला निदान कागद मिळतो.

येत्या सोमवारी पुंजारामला तालुक्याच्या गावी एका गॅरेजात मिस्त्री म्हणून नोकरीच्या मुलाखतीला बोलावले होते. 'एकट्याने काय काय केलंस?' हा पहिला प्रश्न विचारतील हे त्याला ठाऊक होते. उत्तरही ठाऊक होते, म्हणूनच जाण्याचा धीर होत नव्हता.

बागायतदाराने शेडचे दार उघडले आणि कौतुकाने सांगितले की ट्रॅक्टरला एक ओरखडा नाही, तान्ह्या बाळासारखा जपला आहे. मिस्त्रीने इंजिनावर हात ठेवला. धुराड्यात बोट घातले, बोटाचा वास घेतला, ते चिंधीला पुसले आणि विचारले, "शेडच्या बाहेर कधी काढला होता?"

"पन्नास झाल्याशिवाय कसा काढू?"

मिस्त्रीने ट्रॉली जोडायला लावली, ती शेणखताने निम्मी भरून घेतली आणि स्वतः सीटवर चढून ट्रॅक्टर बागेच्या चढाला घातला. बागायतदाराचा चेहरा उतरला. मिस्त्री आता थकला, असे तो बायकोला हळू आवाजात म्हणाला. हळू म्हणजे सर्वांना ऐकू जाईल इतकाच हळू. पुंजारामलाही उमगेना. जुन्या, खंगलेल्या इंजिनालासुद्धा हा माणूस कधी हिसका देत नसे, आणि आज नव्या कोऱ्याला थेट चढावर ओझे?

चार तास तो प्रकार चालला. चढ, उतार, मग सपाट वाट. कधी वेग वाढवायचा, कधी कमी करायचा, एका चालीने फार वेळ जाऊ द्यायचे नाही. मध्ये थांबवून त्याने चाकांचे नट आवळले. पाना अर्थातच पुंजारामने पुढे केला. पहिल्या दोन फेऱ्यांना धुराड्याने काळे तेल थुंकले. नंतर धूर पातळ होत गेला, आणि शेवटी धुराड्याच्या तोंडाला पुन्हा बोट लावले तेव्हा ते कोरडे निघाले.

बागायतदाराने हा काय प्रकार, असे विचारले. मिस्त्री चाकाला टेकून उभा राहिला.

"तात्या, इंजिनात एक नळकांडं असतं आणि त्यात रिंगा वरखाली होतात. कारखान्यातून येतात तेव्हा दोघं एकमेकांना अनोळखी असतात. ओझं पडलं की रिंग भिंतीला दाबून बसते, दोघांची थोडी थोडी झीज होते आणि त्या झिजेतूनच त्यांचं जमतं. तुम्ही ओझंच दिलं नाही. भिंत काचेसारखी गुळगुळीत होत चालली होती. काचेवर काय ठरणार? तेल वर चढतं आणि धुराड्यातून बाहेर येतं. पहिल्या दिवशीच खोल नांगरटीला जुंपला असता तर जळाला असता, तेवढं पुस्तकाचं खरं. पण झेपेल तेवढं काम द्यायलाच हवं. मीटरला तास कळतात, काम कळत नाही. असेच पन्नास भरले असते, तर हा कोराच राहिला असता. फक्त जुना झाला असता."

आता काही उपाय आहे की नाही, असे बागायतदाराने घाबरून विचारले. मिस्त्री म्हणाला की लवकर बोलावलेत हे बरे केलेत. आठवडाभर असाच चालवा आणि मग खुशाल फवारणीला लावा. बागायतदाराने ते सर्व पुस्तिकेच्या समासात लिहून घेतले, तारखेसह.

मिस्त्री हौदावर हात धूत होता. पुंजाराम पाने पुसून मापाप्रमाणे पेटीत लावत होता. बोलायचे त्याने ठरवले नव्हते.

"वस्ताद," तो म्हणाला, "माझे किती तास भरले?"

त्याच्या स्वरात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मिस्त्रीकडे उत्तर होते. बागायतदाराला वाटले प्रश्न ट्रॅक्टरचा आहे. त्याने वाकून मीटर पाहिला आणि बेचाळीस असे सांगितले. कोणी हसले नाही. मिस्त्रीच्या हातावरचे तेल केव्हाच निघाले होते, तरी तो पुष्कळ वेळ हात धूत राहिला.

"शनिवारी याचे पन्नास भरतील," अखेर तो म्हणाला. "तेल बदलायला तू ये."

"तुमच्याबरोबर ना?"

"मला शनिवारी काम आहे."

तीन वर्षांत मिस्त्रीला दुरुस्तीखेरीज शनिवारचे दुसरे काम कधी निघाले नव्हते, हे पुंजारामला माहीत होते.

"आणि आपल्याकडं ते जुनं इंजिन उघडून पडलंय ना, त्याच्या रिंगा सोमवारी येतील. त्या तू बसव. चुकशील. चुकलास की मला हाक मार, आधी नको."

निघताना पुंजाराम सवयीने पेटी उचलायला वाकला, पण मिस्त्रीने ती आधीच उचलली होती. पेटी बरीच जड झाली होती. ती कधी एवढी जड झाली, हे मिस्त्रीला आठवेना.

शनिवारी पुंजारामने एकट्याने तेल बदलले. सोमवारी तो तालुक्याला गेला नाही. रिंगा आल्या होत्या.