गोदाक्का आणि घाटाखालची आमटी

घाटावरच्या एका गावात गोदाक्का नावाची सुगरण राहत होती. लग्न असो की बारसं, आमटीला फोडणी तिच्याच हातची. आपल्याला येत नाही असा पदार्थच नाही, असं ती समजायची, आणि गावानेही तिला तसंच समजू दिलं होतं.

तिचे सासरे तात्याबा मोठ्या तापातून उठले, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. गोदाक्काने नाना प्रकार करून पाहिले. म्हातारा एखादा घास खाई आणि ताट सरकवी. तो दिवसेंदिवस वाळत चालला आणि इकडे गोदाक्काचा जीव तुटू लागला.

एकदा शेजारणीने एसटी स्टँडवरून चवळीची आमटी आणून दिली. तिथे कोकणातून आलेल्या मथुराबाईंनी छोटंसं दुकान टाकलं होतं. बसून खायला जागा नव्हती. आपापला डबा न्यायचा आणि भरून आणायचा. तात्याबांनी ती आमटी वाटी पुसून खाल्ली.

गोदाक्काला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, थोडा रागही आला. पण त्याहून मोठं होतं तिचं कुतूहल. एवढं आहे तरी काय त्या आमटीत?

"जा की, विचारून ये त्या बाईला," तात्याबा म्हणाले.

"मी? स्टँडवर जाऊन आमटी कशी करायची ते विचारू? गाव हसेल मला!"

सुगरणीच्या घरी रोज विकतची आमटी, हे तिला पटेना. तिने तपासून पाहायला शेजारणीकडून आणखी एक डबा मागवला. वास घेतला, बोट चाटून पाहिलं. शेवटी आमटी फडक्यातून गाळली आणि चोथा परातीत पसरून बसली. ओलं खोबरं सापडलं, धणे सापडले, मिरचीही सापडली. तसंच वाटण करून तिने आमटी केली. तात्याबांनी चाखली.

"चांगली आहे. पण ती नव्हे."

तिने खोबरं भाजून पाहिलं. चिंच काढून आमसूल घातलं. घरातला मसाल्याचा एकूण एक डबा हुंगून झाला. "चांगली आहे," म्हातारा दर वेळी म्हणे, "पण ती नव्हे." आणि ताट सरकवी.

शिमगा जवळ आला. शेजारीण सांगत आली, "मथुराबाई उद्या गावी निघाल्या. दुकान आता सण झाल्यावरच उघडायचं." गोदाक्काने तात्याबांच्या खोल गेलेल्या गालांकडे पाहिलं. मग डबा उचलला आणि भर बाजारातून थेट स्टँड गाठला.

"बाई, मला तुमची आमटी जमत नाही," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "गाळून पाहिली, तरी कळेना. काय घालता त्यात?"

मथुराबाई पोट धरून हसल्या. "अगो, गाळून कशी सापडणार? तिरफळं घालते मी. पण इथल्या माणसांच्या दाताखाली आली, की तोंड झिणझिणलं म्हणून ओरडतात. म्हणून डबे भरायच्या आधी वेचून काढते!" त्यांनी ती वाळकी, मिऱ्यांपेक्षा जरा मोठी फळं मूठभर तिच्या पदरात टाकली. "तू गोदाक्का ना? आधीच यायचं ना गो! मला तुला भाकरी विचारायची होती. तुझी म्हणे टम्म फुगते. माझी तव्यावर टाकताना मोडते."

"ज्वारीचं पीठ आहे ना? मग गरम पाण्यात मळा," गोदाक्का म्हणाली आणि दुकानातलीच परात पुढे ओढून बसली.

घरी येऊन तिने आमटी केली. घाईत एक तिरफळ वेचायचं राहिलं आणि नेमकं तात्याबांच्या दाताखाली आलं. म्हाताऱ्याने डोळे मोठे केले. गोदाक्का घाबरली.

"गोदा, जीभ झिणझिणली बघ! तापानंतर पहिल्यांदा तिला एवढी जाग आली. हीच ती आमटी! जा, आणखी भाकरी आण."

तात्पर्य: नवी चव जिभेला कळते, पण ती आपल्या चुलीवर आणायची तर विचारावं लागतं. विचारायला लाजणाऱ्याच्या हाती नुसता चोथा राहतो.