पत्रातली भेसळ

गावाहून बंदरावर पत्र पोचायला महिना-दीड महिना लागायचा, त्या काळातली ही गोष्ट. एका बाजारगावात मथुरा नावाची एक बाई एकटीच राहत होती. तिच्याकडे शेत नव्हतं, दुकान नव्हतं. तिचे वडील दुसऱ्या गावी शाळामास्तर होते आणि त्यांनी लेकीला लिहा-वाचायला शिकवलं होतं, तेवढीच तिची मिळकत. त्या गावात दुसऱ्या कुणालाच अक्षर ओळखता येत नव्हतं.

मथुरा आपल्या अक्षरांवरच संसार चालवायची. वाण्याला व्यापाऱ्यांची पत्रं वाचून दाखवायची, तो तिला मीठ-गूळ द्यायचा. शिंपिणीला माहेरची पत्रं वाचून दाखवायची, शिंपीण तिच्या चोळ्या शिवायची. कुंभाराच्या मुलीच्या लग्नात तिने सगळ्या पाहुण्यांना चिठ्ठ्या लिहिल्या, तर तो दोन घागरी तिच्या ओट्यावर आणून ठेवून गेला. त्यात घासाघीस नसायची. जो तो आपल्याला येतं ते द्यायचा आणि लागेल ते न्यायचा.

मथुरेच्या घरी तेल यायचं ते केरबातात्यांच्या घाण्यावरून. तात्या म्हातारे होते. बैल फिरवायचा, तीळ घाण्यात सारायचे, तेल गाळायचं, सगळं ते एकट्याने करायचे. त्यांचं तेल इतकं चोख असायचं, की बाळंतिणीच्या घरी दुसऱ्या घाण्याचं तेल कुणी नेत नसे.

तात्यांचा एकुलता एक मुलगा पिराजी. बैलामागे गोल गोल फिरण्यात त्याचं मन रमेना, म्हणून तो वडिलांशी भांडून दूर बंदराच्या गावी निघून गेला होता. तिथे होड्या बांधण्याच्या कामावर होता आणि तिथेच लिहायला शिकला होता. त्याचं पत्र आलं, की तात्या हात धुऊन, मुंडासं नीट करून मथुरेच्या ओट्यावर येऊन बसायचे.

“वाच गं पोरी. सावकाश वाच.”

मथुरा एकदा वाचायची. मग तात्या म्हणायचे, “आता पुन्हा वाच.” दुसऱ्यांदा ऐकून झालं, की पत्र घडी घालून बंडीच्या खिशात ठेवायचे आणि तिची तेलाची रिकामी बुधली भरायला घेऊन जायचे.

असं बरंच चाललं. मग एके वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला तात्या तापाने आजारी पडले. उठून हिंडू लागले त्याच दिवशी हरकाऱ्याने पत्र आणून दिलं. तात्या काठी टेकत मथुरेकडे आले. गाल आत गेले होते, पण डोळ्यांत नुसता आनंद होता.

“बघ, माझा ताप उतरला आणि त्याचं पत्र आलं. वाच.”

मथुरेने पत्र उघडलं आणि आधी मनातल्या मनात वाचलं. त्यात लिहिलं होतं:

‘तात्या, मी इथे लग्न केलं आहे. मुलगी होड्या बांधणाऱ्या मिस्त्रींची. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता. मी आता घाण्यावर परत येणार नाही. तुम्हाला काय बोलायचं असेल ते बोला, मी ऐकून घेईन.’

मथुरेने मान वर केली. तात्या कानामागे हात धरून बसले होते. हे ऐकून म्हातारा इथेच कोसळायचा, असं तिला वाटलं. आणि पुढचे शब्द तिच्या तोंडून आपसूक आले.

“पिराजी लिहितोय, तात्या, तब्येतीला जपा. काम फार आहे. सवड मिळाली की तुम्हाला भेटायला येतो.”

“येतो म्हणतोय? पुन्हा वाच!”

मथुरेने तेच पुन्हा म्हणून दाखवलं. तात्यांनी डोळे पुसले आणि तिथेच उत्तर सांगितलं, ‘कामात जीव काढू नकोस. तुझी खोली झाडून ठेवतो. वाट पाहतो.’ मथुरेने ते जसंच्या तसं लिहिलं. त्या दिवशी तात्यांनी बुधली अगदी गळ्यापर्यंत भरून आणली. मथुरेने मनाशी म्हटलं, अंगात ताकद आली की खरं काय ते सांगू.

तात्यांच्या अंगात ताकद आली, घाणा पुन्हा फिरू लागला, पण मथुरेची जीभ काही उचलेना. हिवाळ्यात दुसरं पत्र आलं.

‘तात्या, मी लग्नाचं लिहिलं, त्यावर तुम्ही एका अक्षराने बोलला नाहीत. आशीर्वाद राहू दे, रागावला असतात तरी बरं वाटलं असतं. माझी बायको तुमच्या उत्तराची रोज वाट बघत होती. तुम्हाला ती नकोच असेल, तर मीही यापुढे लिहिणार नाही.’

मथुरेने ते पत्र पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. तिने मायेपोटी चार शब्द बदलले होते, आणि त्यांनी बाप-लेकातला उरलासुरला धागाही तोडला होता. तिकडे एक नवी सून विनाकारण झुरत होती. आता तरी सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे मागचं खोटंही उघडं करायचं.

“थांबलीस का गं? काय लिहितोय?” तात्यांनी विचारलं.

“लिहितोय की... सुगी आटोपली की येतो.”

तात्या हसले. तोंडातल्या तोंडात ‘सुगी आटोपली की’ असं म्हणत घरी गेले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी घराला चुना लावून घेतला. सुताराला तेल देऊन पिराजीसाठी नवी बाज करून घेतली. बाजारात जो भेटेल त्याला सांगू लागले, “माझा पिराजी येतोय.” मथुरा वाटेत दिसली, की थांबून तिचीही चौकशी करत. ती खाली मान घालून निघून जाई. घरचं तेल तिला गोड लागेनासं झालं.

एक दिवस भर दुपारी तात्या लगबगीने तिच्या ओट्यावर आले. त्यांनी नवं धोतर नेसलं होतं.

“मथुरे, पिराजीसाठी मुलगी पाहिली. पलीकडच्या वाडीतल्या भिवबांची लेक. शांत आहे पोर, कामाला चलाख. उद्या सकाळी सुपारी फोडायची. तू चल. चार शब्द कागदावर लिहायला कुणीतरी हवं.”

आता मथुरेच्या एका खोट्यापायी एका परक्या मुलीचं आयुष्य अडकणार होतं. तात्या आनंदाने बोलतच होते. मथुरेने त्यांना थांबवलं.

“तात्या, पिराजीची मागची दोन पत्रं कुठं आहेत?”

“देव्हाऱ्यात ठेवलीत. का गं?”

“चला. मला ती तुम्हाला पुन्हा वाचून दाखवायची आहेत.”

घरी पोचल्यावर तात्यांनी देव्हाऱ्यातून पत्रं काढून दिली. त्यांच्या घड्यांवर हळदीकुंकू पडलेलं होतं. मथुरेला ते पाहून रडू आलं, पण तिने आवाज स्थिर केला आणि दोन्ही पत्रं जशी होती तशी, एकही शब्द न गाळता वाचली.

तात्या खांबाला टेकून खाली बसले. परसातला बैल मालकाची वाट बघत उभा होता. मग तात्यांनी हळूच विचारलं, “मथुरे, माझ्या तेलात मी कधी दुसरं काही मिसळलं?”

“नाही, तात्या.”

“मग माझ्या पत्रात तू का मिसळलंस?”

“तुमचा तो चेहरा बघवला नाही. ताप उतरून एक दिवस झाला होता. वाटलं, तुम्हाला सोसणार नाही.”

“सोसलं असतं की नसतं, ते मला ठरवू द्यायचंस. दुःख माझं होतं, पोरी. मला न विचारता तू ते ठेवून घेतलंस. आणि त्याच्याबरोबर माझा मुलगाही गेला.”

तात्या उठले, काठी घेतली आणि वाडीच्या वाटेला लागले. भिवबांची माफी मागायला हवी होती. मथुरा त्यांच्यामागून निघाली.

“तू कशाला येतेस?”

“दोष माझा आहे. तुम्ही एकट्याने का मान खाली घालायची?”

भिवबांच्या अंगणात मथुरेने सगळ्यांसमोर झालं ते सांगितलं. भिवबा खूप चिडले, पण त्यांची बायको एवढंच म्हणाली, “उद्या कळण्यापेक्षा आज कळलं ते बरं.”

गोष्ट बाजारात पोचायला वेळ लागला नाही. मथुरेला कुणी टाकून बोललं नाही. पण वाणी आपली पत्रं घेऊन दुसऱ्या गावी वाचून घ्यायला जाऊ लागला. शिंपीण आली, पत्र वाचून घेतलं आणि जाताना म्हणाली, “एवढंच लिहिलंय ना? नक्की?” त्या एका शब्दाने मथुरेला जेवण गोड लागलं नाही. घाण्याकडे ती फिरकली नाही. शिळी भाकरी मिठाशी खाऊन दिवस काढू लागली.

आठवडा गेला, पंधरवडा गेला. एका सकाळी तात्या ओट्यावर येऊन बसले. हातात कोरा कागद होता.

“लिही,” ते म्हणाले.

मथुरेचा विश्वास बसेना. “माझ्याकडून लिहून घेता, तात्या?”

“तू स्वतःहून येऊन खरं सांगितलंस. सुपारी फुटून गेल्यावर नाही सांगितलंस, आधी सांगितलंस. मी ते विसरलो नाही. लिही. पण मी बोलतो ते लिही.”

मथुरेने दौत उघडली.

“लिही, पिराजी, तू मला न विचारता लग्न केलंस, त्याचा मला राग आला.” तात्या थांबले. “लिहिलंस?”

“लिहिलं.”

“रागाचं आधी लिही. नाही तर पुढचं त्याला खरं वाटायचं नाही. आता लिही, राग आला, पण तुझं लग्न मला ठाऊकच नव्हतं. तुझी पत्रं मला नीट पोचली नाहीत. सूनबाईचं नाव काय, ते कळव. तिला सांग, तिचा सासरा तोंडाने फटकळ आहे, पण सुनेला उपाशी ठेवणारा नाही. दोघं येऊन जा. घाण्यावर बसू नकोस, नुसता भेट.”

मथुरा लिहीत होती आणि कागदावर थेंब पडू नयेत म्हणून चेहरा बाजूला करत होती.

“तात्या, खाली मी माझ्या दोन ओळी लिहू? चूक कुणाची, ते त्याला कळू दे.”

“लिही. पण काय लिहिलंस ते मला वाचून दाखव.”

तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं. तात्यांनी मान हलवली.

उत्तर यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत तात्यांनी एकदाही पत्राचं नाव काढलं नाही, पण हरकारा बाजारात दिसला की घाणा थांबायचा. शेवटी पत्र आलं. मथुरेने ते आधी मनात वाचलं नाही. उघडलं आणि सरळ मोठ्याने वाचायला लागली.

‘तात्या, तुमचा राग वाचून मला रडू आलं. तुमच्या सुनेचं नाव गोदावरी. तिला दिवस गेले आहेत. बाळंतपण झालं, की तिघं येऊ. पंधरा दिवस राहू. पण तुम्ही त्या पंधरा दिवसांत मला बैलामागे फिरायला लावलंत, तर मी दुसऱ्या दिवशी परत जाईन.’

हे शेवटचं वाक्य म्हाताऱ्याला लागेल, असं मथुरेला वाटलं. पण तिने ते वाचलं. तात्या खदखदून हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“हा माझा पिराजी! मागचं ते ‘तब्येतीला जपा’ ऐकून मी विचारात पडायचो, पोरगा एवढा गोडबोल्या कधी झाला? मथुरे, आता एक काम कर. मला शिकव.”

“काय शिकवू?”

“वाचायला. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून म्हणत नाही. पोराने आपल्या हाताने लिहिलेलं मला आपल्या डोळ्यांनी बघायचंय.”

“शिकवीन, तात्या. पण त्याच्या बदल्यात मला काही नको.”

“तेल घ्यावंच लागेल,” तात्या हटून बसले. “फुकटची विद्या माझ्या डोक्यात शिरायची नाही.”

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर शाळा भरू लागली. मथुरा धुळीत अक्षर काढायची, तात्या राठ बोट त्यावरून फिरवायचे. येता-जाता वाणी थबकायचा. म्हातारा तिच्याशेजारी बसून इतक्या मनापासून शिकतोय, हे पाहून तो एक दिवस स्वतःचं पत्र घेऊन पायरीवर येऊन बसला. मग शिंपीण आली. “नक्की ना?” असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही.

आषाढात पिराजीचं पुढचं पत्र आलं. मथुरेने ते उघडून तात्यांच्या हातात दिलं. तात्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवायला लागले. मथुरेने मदत केली नाही.

“ता...” तात्या म्हणाले. पुष्कळ वेळ गेला. “त्या.”

त्यांनी वर पाहिलं. “तात्या! मथुरे, त्याने मला हाक मारली गं!”

उरलेलं पत्र बरंच मोठं होतं. पण तात्या त्या एका शब्दावर बोट ठेवून तसेच बसून राहिले, आणि मथुरेनेही घाई केली नाही.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: कामाच्या बदल्यात काम देताना आपलं काम चोख द्यावं. मायेपोटी केलेली भेसळसुद्धा ज्याच्यावर माया केली त्यालाच बाधते, आणि ती आपणहून कबूल केली तरच गेलेला विश्वास परत येतो.