उखातात्याचं पागोटं

लई मागची गोष्ट. तवा शिखरमायच्या गडाला सडक नव्हती. लोक लांबलांबून चालत यायचे, अनवाणी, अन् गडाखालच्या बोरपाड्याच्या धर्मशाळेत मुक्काम टाकायचे. ती धर्मशाळा उखातात्या सांभाळायचा. माणूस भलता तापट. त्याच्या शिव्या अन् त्याच्या हातची आमटी, दोन्ही सारख्याच तिखट होत्या, असं म्हणतात.

त्या वाटेची एक रीत होती. वाटेत पायात काटा मोडला तर तो गडावर, मायसमोरच काढायचा. आधी काढला की नवस मोडला. कुणी लावली ही रीत, देव जाणे, पण माणसं पाळायची. पाय सुजायचे, पिकायचे. तात्याच्या ओसरीवर कितीकांनी जीव सोडला. तात्या त्यांना खांदा द्यायचा, अन् परत आला की भांडी आपटायचा.

एका चैत्रात तापीकाठची ठगूबाई आली. तिची लेक अंथरुणाला खिळली होती. उठत नव्हती, बोलत नव्हती. लेक उठावी म्हणून बाई नवस बोलून निघाली होती. पाऊल मडक्यावानी सुजलेलं, अन् लाल रेघ पार पोटरीपर्यंत चढलेली. तात्यानं ते बघितलं अन् हातातली पळी खाली ठेवली.

"इकडं कर पाय."

"नको तात्या. गड समोर दिसतोय. उद्या पोचते."

"उद्या तुला चौघं जण पोचवतील."

"पोचवू द्या. काटा पायात राह्यला पायजे."

"माय काय काट्यांचं लोणचं घालती का?"

ओसरीवरची माणसं हसली. बाई नाही हसली. म्हणाली, "माझा पाय जाऊ द्या, जीव जाऊ द्या. लेक उठली पायजे. तुम्ही काटा काढला अन् तिकडं तिचं बरंवाईट झालं, तर काय करू मी?"

तात्या तिच्या पायाकडंच बघत राह्यला. चुलीवर आमटी उतू गेली तरी हलला नाही, असं म्हणतात. मग हळूच म्हणाला, "काटा पायातून गडावर गेला पायजे, एवढंच ना?"

"हां."

"पाय कुणाचा, ते मायनं सांगितलंय?"

बाईनं पाय पुढं केला. तात्यानं रुईचा चीक लावला, सुईनं उकरलं अन् बोटभर हिवराचा काटा बाहेर ओढला. बाई ओरडली नाही. तात्यानं तो काटा पुसला, अन् आपल्याच टाचेत दाबून बसवला.

"चूल आता तुझी," तो म्हणाला. "बसूनच भाकरी थाप. अन् मी येईस्तोवर एकबी माणूस उपाशी निजला तर गाठ माझ्याशी हाय."

तात्या कधी गड चढला नव्हता. चुलीपुढून उठायला सवडच मिळाली नव्हती. त्या दिवशी तो चढला. दर पावलाला शिवी देत चढला. त्याला घाबरून वाटेवरच्या बाभळींनी आपले काटे मिटून घेतले, असं म्हणतात.

वर पुजाऱ्यानं विचारलं, "नवस कुणाचा?"

"ठगूबाईचा."

"मग बाई कुठंय?"

"भाकरी थापतीय."

"असं चालत नाही उखा."

"तुला कोण विचारतंय? मी हिच्याशी बोलाया आलोय." तात्या गाभाऱ्यापुढं उभा राह्यला. "माय, काटा तिचा, पाय माझा. पोरीला उठव. अन् परत कुणाला पाय कुजवत बोलवशील तर तुझ्या वाटेवर चूल पेटायची नाही."

मग तात्याच्या टाचेतला काटा आपसूक निघून पायरीवर पडला. रगताचा थेंब नाही. अन् त्याच घडीला तापीकाठी ठगूबाईची लेक अंथरुणात उठून बसली अन् दूधभाकर मागती झाली, असं म्हणतात.

ती रीत तिथंच मेली. मग जो येईल तो तात्यापुढं पाय करायचा. तात्या काटे काढायचा अन् आपल्या पागोट्यात खोवायचा. साऱ्यांचे काटे नेणारा तोच. म्हातारपणी ते पागोटं एवढं जड झालं की दोन बैलांनी हललं नसतं, पण तात्याच्या डोक्यावर ते पिसावानी बसायचं. एका यात्रेला तो वर गेला तो खाली आलाच नाही. पागोटं तेवढं मायच्या पायरीवर सापडलं.

आजबी बोरपाड्यात पाय दाखवल्याबिगर ताट मिळत नाही. साहेब असो की सावकार, आधी मोजे काढायचे. निघालेला काटा एका पागोट्यात खोवतात, अन् यात्रेच्या दिवशी ते गडावर नेतात. नेणारा मात्र असा लागतो, ज्याला मायकडं स्वतःसाठी काही मागायचं नाही. दरसाली गावात हाक देतात, कोण नेतो म्हणून. जो तो आपल्या मनातलं मागणं चाचपून बघतो. मग एक जण उठतो, पागोटं डोक्यावर ठेवतो अन् चालू लागतो.