चारांतून तीन

एकदा एक तरुण शिक्षक आपल्या वृद्ध गुरूंकडे खिन्न मनाने आला. त्याच्या शाळेत गोजरा नावाची, एका विणकराची धाकटी लेक होती. अंक विचारला, की तिची दातखीळ बसे. बापाने निक्षून बजावले होते, "आज सांजेपर्यंत पोरीला मोजता आलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून मागापाशी बसून सुताच्या कांड्या भरेल."

गुरू त्याच्याबरोबर शाळेत आले, पण त्यांनी पाटी मागितली नाही. ते शाळेमागच्या चिंचेखाली गेले आणि गोजरेसमोर मांडी घालून सागरगोटे खेळू लागले. एक वर उडवायचा आणि तो खाली येण्यापूर्वी जमिनीवरच्या चारांतले दोनच उचलायचे, असा डाव होता. गुरूंनी बेधडक तीन उचलले. शिष्य स्तंभित झाला. ज्यांच्या तोंडून कधी असत्य निघाले नाही, ते एका चिमुरडीशी लबाडी करीत होते!

"आजोबा, रडीचा डाव!" गोजरा कडाडली. "दोन उचलायचे होते, तुम्ही तीन घेतलेत. खाली एकच उरला. पुढच्या खेपेला त्याच्याबरोबर काय माती उचलाल?"

इतक्यात बाप येताना दिसला. शिष्याला हर्ष आवरेना. तो धावतच पुढे झाला. "शाब्बास, गोजरे! बाबांना सांग बघू, चारांतून तीन गेले तर उरले किती?"

मुलीची मुद्रा विझली. मान खाली गेली.

"अहो, आत्ताच तिने सांगितलं होतं!" शिष्य काकुळतीने म्हणाला.

"मग आता का नाही सांगत?" बाप थकल्या स्वरात म्हणाला. "राहू द्या, मास्तर." लेकीचे मनगट धरून तो निघून गेला.

गुरू म्हणाले, "चूक माझ्या पदरात असावी, म्हणून मी लबाडी केली. दुसऱ्याची चूक पकडताना मूल निर्भय असते. मोजणे आपसूक घडते. तू प्रश्न विचारलास आणि चुकण्याचे भय पुन्हा तिच्या ओंजळीत टाकलेस."

"आता काय करू, गुरुजी?"

"गोजरेसाठी काही करता येईल, असे मला दिसत नाही. उरलेल्या मुलांत जाऊन बस. आणि हरायला शीक."

शिष्य सागरगोटे घेऊन मुलांत जाऊन बसला. "मास्तर, तुम्हांला येतं का खेळता?" एकीने भीत भीत विचारले.

"नाही," तो म्हणाला. "तू शिकव."

मुलाला येते की नाही, हे तत्क्षणी ऐकण्याची हाव ज्याला आवरत नाही, त्याच्या अंगणात खेळही परीक्षाच ठरतो.